दऱ्या आणि दर्या : वाचनालय-सूचीच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, १ जुलै २०२४

वाचनालयांतील पुस्तके शोधून देणारा आमचा प्रोग्राम म्हणजे ही सूची. तिची १.३ ही आवृत्ती काल सहाही वाचनालयांत बसवून झाली, म्हणून पुढच्या आवृत्तीच्या कामाची नोंद आजपासून तारखेनिशी ठेवत आहे. काम करणारे आम्ही पाच जण आहोत : बेळगावात टिळकवाडीत मी, खानापूरचे एक सहकारी, निपाणीच्या ताई, कन्नड भाग सांभाळणारे चिकोडीचे सर आणि यळ्ळूरचा एक विद्यार्थी. सगळ्यांचा पोटापाण्याचा उद्योग वेगळा असल्यामुळे हे काम रात्री आणि रविवारी चालते. एकत्र बसण्याचे प्रसंग थोडे, आणि म्हणूनच कोणी कोणत्या ब्रँचवर, म्हणजे मुख्य कोडपासून वेगळ्या काढलेल्या कामाच्या शाखेवर, काय बदलले हे लिहून ठेवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असे मला गेल्या आवृत्तीच्या वेळी प्रकर्षाने जाणवले.

सूचीत सध्या मराठी आणि कन्नड मिळून अकरा हजारांवर पुस्तकांच्या नोंदी आहेत. आमच्या भागातील वाचनालयांत एकाच कपाटात दोन्ही भाषांची पुस्तके असतात. वाचक शब्द टाइप करतो आणि प्रोग्राम त्या शब्दापासून एक ‘शोधकळ’ तयार करतो, म्हणजे लेखनातले बिनमहत्त्वाचे फरक काढून टाकलेले त्या शब्दाचे रूप. ही शोधकळ अनुक्रमणिकेतील कळींशी ताडून पुस्तके दाखवली जातात. कोणता फरक बिनमहत्त्वाचा आणि कोणता अर्थ बदलणारा, हे ठरवणे हेच या प्रोग्रामचे खरे काम आहे. आजवरच्या जवळजवळ सर्व चुका तिथेच झालेल्या आहेत.

गुरुवार, ४ जुलै

रिपॉझिटरीत, म्हणजे प्रोग्रामचा कोड आणि त्याचा इतिहास ठेवण्याच्या जागेत, मुख्य ब्रँच सोडून नऊ ब्रँच निघाल्या. त्यांपैकी चार कधीच मर्ज होऊन, म्हणजे मुख्य ब्रँचमध्ये मिसळून, गेल्या होत्या आणि केवळ नावापुरत्या उरल्या होत्या. एक ब्रँच कोणाची आणि कशासाठी, हे कोणालाच आठवेना.

यळ्ळूरच्या विद्यार्थ्याला ब्रँच काढून टाकण्याची भीती वाटत होती, म्हणून त्याला रचना समजावून सांगितली. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नेलच्या कामासाठी गिट हा कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम लिहिला, तेव्हापासून गिटमधील ब्रँच ही संपूर्ण कामाची प्रत नसून एका कमिटकडे, म्हणजे नोंदवलेल्या बदलाकडे, निर्देश करणारी खूण आहे. मर्ज झालेल्या ब्रँचची खूण पुसली तरी तिच्यावरचे कमिट मुख्य ब्रँचच्या इतिहासात शाबूत राहतात. शिवाय काढून टाकण्याच्या आज्ञेत लहान लिपीतील ‘डी’ वापरला, तर मर्ज न झालेली ब्रँच पुसण्यास गिट स्वतःच नकार देते. मोठ्या ‘डी’ने मात्र ते काहीही न विचारता पुसते. मोठा ‘डी’ वापरायचा असेल तर आधी दुसऱ्या कोणाला तरी विचारावे, एवढे आम्ही ठरवले. चार ब्रँच काढल्या. पाचवी, बेवारस ब्रँच तूर्त ठेवली आहे.

मंगळवार, ९ जुलै

आजचा पूर्ण वेळ नमुनाशब्दांच्या फाइलवर गेला. आमच्या रिग्रेशन चाचण्या, म्हणजे एकदा दुरुस्त झालेली चूक पुन्हा डोके वर काढत नाही ना हे पाहणाऱ्या चाचण्या, या फाइलवरच चालतात. प्रत्येक ओळीत एक शब्द आणि त्याची अपेक्षित शोधकळ असते. प्रोग्राम प्रत्येक शब्दाची कळ काढतो आणि अपेक्षित कळीशी जुळवून पाहतो.

शब्द कसे जमतात याची काही उदाहरणे येथे नोंदवून ठेवतो, कारण फाइलमध्ये केवळ शब्द दिसतात, त्यामागची कारणे दिसत नाहीत. आमच्या भागातील जुन्या पुस्तकांवर प्रकाशनस्थळ ‘बेळगांव’ असे छापलेले असते. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांना १९६२ मध्ये मान्यता मिळाल्यावर न उच्चारला जाणारा अनुस्वार गेला आणि ‘बेळगाव’ रूढ झाले. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले, तेही आता मुखपृष्ठांवर येते. तिन्ही नावांनी एकच पुस्तक सापडले पाहिजे. यळ्ळूर गावाचे नाव ‘येळ्ळूर’ असेही लिहितात, त्यामुळे ती जोडीही फाइलमध्ये आहे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकीय मानकात, स्वतंत्र जागा मिळाली ती ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये. त्याआधी टाइप केलेल्या नोंदींत ‘अ’ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हे आहेत. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, प्रोग्रामला मात्र ती वेगळी वाटतात.

अर्ध्या ‘ऱ’ची गोष्ट याहून नाजूक आहे. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना. येथे फरक फक्त र कसा जोडला जातो एवढाच, पण अर्थ पूर्णपणे बदलतो. हा अर्धा ऱ संगणकावर दोन प्रकारे टाइप होतो. काही कळपद्धतींत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त येतो, तर काहींत साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे शून्य रुंदीचे जोडचिन्ह येते. छापल्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. युनिकोडच्या प्रमाणित सामान्यीकरणात, म्हणजे समान मानलेली रूपे एक करण्याच्या पद्धतीत, हे दोन क्रम एकरूप होत नाहीत, म्हणून दुसऱ्याचे पहिल्यात रूपांतर करणारी पायरी आम्ही १.२ मध्येच लिहिली आणि ‘दऱ्या’ हा शब्द दोन्ही प्रकारे टाइप करून फाइलमध्ये घातला.

शनिवार, २० जुलै

खानापूर तालुक्यात पावसाचा जोर आहे. तेथील सहकाऱ्यांकडे सहा दिवस वीज आणि इंटरनेट धड नव्हते. त्यांची वर्णक्रमाची ब्रँच त्यामुळे मुख्य ब्रँचपासून एकोणीस दिवस दूर राहिली. युनिकोडच्या क्रमांकांप्रमाणे ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो, आपल्या वर्णमालेत मात्र तो ‘ह’नंतर येतो, त्यामुळे केवळ क्रमांकांवर विसंबून लावलेली यादी ग्रंथपालांना चुकीची वाटते, आणि ती चुकीचीच असते. काम छोटे आणि नेमके होते, तरी आज मर्ज करताना अकरा ठिकाणी कॉन्फ्लिक्ट आले, म्हणजे दोन्ही ब्रँचवर एकाच जागी वेगवेगळे बदल निघाले.

आम्ही फोन चालू ठेवून अकराही ठिकाणे एकेक करून वाचली. दोन तास गेले. ते म्हणाले, “आधी थोडं थोडं पाठवलं असतं, तर एवढं साचलं नसतं.” वीज नसताना त्यांनी ते कसे पाठवायचे होते, हा प्रश्न उरतोच. ब्रँच लहान ठेवण्याचा नियम आपल्या परिस्थितीला धरून करावा लागेल : काम अपुरे असले तरी जेवढे स्वतंत्रपणे उभे राहू शकते तेवढे मर्ज करावे, आणि इंटरनेट परत येताच पहिले काम म्हणून मुख्य ब्रँच आपल्या ब्रँचमध्ये ओढून चाचण्या चालवाव्यात.

बुधवार, ३१ जुलै

काल निपाणीच्या ताईंची ब्रँच मर्ज केली. जुन्या कार्डांवरून उतरवलेल्या मराठी नोंदींत अवतरणचिन्हे, दुहेरी मोकळ्या जागा आणि कंसांची गर्दी होती, ती काढण्यासाठी त्यांनी मराठी मार्ग, म्हणजे मराठी शब्दाची कळ काढण्याचा क्रम, हाही सामाईक ‘स्वच्छ करा’ या फंक्शनमधून, म्हणजे कोडच्या एका तुकड्यातून, नेला. आज चिकोडीच्या सरांची कन्नड शोधाची ब्रँच मर्ज केली. ती चोवीस दिवसांची होती. कोडमध्ये एकही कॉन्फ्लिक्ट आला नाही. नमुनाशब्दांच्या फाइलमध्ये मात्र आला, कारण दोघांनीही फाइलच्या शेवटी नव्या ओळी घातल्या होत्या. अपेक्षित कळी प्रोग्रामकडूनच पुन्हा लिहून घेणारी आज्ञा चालवून तो सोडवला. सर्व ४१२ चाचण्या उत्तीर्ण झाल्या.

सोमवार, ५ ऑगस्ट

१.४ आवृत्ती दोन वाचनालयांत बसवली. उरलेल्या चार ठिकाणी पंधरवड्याने बसवायची आहे.

सोमवार, १२ ऑगस्ट

दुपारी जांबोटी भागातील वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला. शाळेतल्या मुलांना सह्याद्रीवर प्रकल्प करायचा होता. मलप्रभेचा उगम कणकुंबीला, त्यामुळे डोंगर आणि नद्या हे विषय त्या भागातील मुलांच्या अगदी घरचे. बाई म्हणाल्या, “सर, दऱ्या म्हणून घातलं की समुद्राचीच पुस्तकं येतात बघा. डोंगराचं एक पण येईना. मुलं इथं उभी आहेत.”

मी माझ्या फोनवर तोच शब्द शोधला आणि सर्व पुस्तके बरोबर आली. क्षणभर वाटले की बाईंकडून टाइप करताना चूक होत असावी. तसे त्यांना बोलून दाखवले नाही, याचे आता समाधान वाटते, कारण त्यांची काहीही चूक नव्हती. त्यांनी पडद्याचा फोटो पाठवला. शब्द अचूक होता. मग त्यांना तोच शब्द कॉपी करून संदेशात पाठवायला सांगितला आणि त्यातील चिन्हे एकेक करून पाहिली : साधा र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह, य. माझ्या फोनवर मात्र ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर उमटत होते. एकरूप व्हायला हवे होते ते दोन क्रम पुन्हा वेगळे झाले होते. त्याहून वाईट म्हणजे बाईंच्या संगणकावरील ‘दऱ्या’ची कळ आता ‘दर्या’ होत होती.

ही चूक आम्ही १.२ मध्ये दुरुस्त केली होती. तिच्यावर चाचणी होती. ती चाचणी आज सकाळीही उत्तीर्ण झाली होती. मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले ते याच गोष्टीने.

मंगळवार, १३ ऑगस्ट

रात्री बायसेक्ट या गिटच्या आज्ञेने, चूक कोणत्या कमिटवर आली याचा शोध घेतला. १.३ च्या खुणेपासून आजपर्यंत १३७ कमिट आहेत. एकेक तपासत बसलो असतो तर रात्र गेली असती, पण बायसेक्ट दर वेळी उरलेल्या कमिटांच्या मधोमध जाऊन थांबते आणि ‘चांगला की वाईट’ एवढेच विचारते, त्यामुळे १३७ कमिटांसाठी आठ-एक पायऱ्या पुरतात. तपासणी आपोआप चालावी म्हणून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. तिच्यात दोनच अटी आहेत : दोन्ही प्रकारे टाइप केलेल्या ‘दऱ्या’ची कळ एकच यावी, आणि ती ‘दर्या’च्या कळीहून वेगळी असावी.

ही स्क्रिप्ट रिपॉझिटरीच्या बाहेर ठेवावी लागते. ती आत असती तर बायसेक्ट जुन्या कमिटवर गेल्यावर फाइलही जुन्या रूपात गेली असती किंवा नाहीशीच झाली असती. दुसरी काळजी अर्धवट कमिटांची. आमच्या दोन कमिटांवर प्रोग्राम सुरूच होत नव्हता. अशा वेळी स्क्रिप्टने १२५ हा संकेतांक परत करायचा असतो, म्हणजे गिट तो कमिट चांगला किंवा वाईट न ठरवता वगळते. हे ध्यानात घेतले नसते तर त्या दोन कमिटांना उगाचच ‘वाईट’ ठरवून शोध भलतीकडे गेला असता.

दहा मिनिटांच्या आत उत्तर आले, आणि ते कोणा एकाच्या कमिटवर न थांबता ३१ जुलैच्या मर्ज कमिटवर थांबले. त्याचे दोन्ही जनक, म्हणजे मर्ज होण्याआधीचे दोन्ही ब्रँचवरचे शेवटचे कमिट, तपासून पाहिले. ताईंचे काम सामावलेली मुख्य ब्रँच चांगली होती आणि सरांची ब्रँचही चांगली होती. दोघे एकत्र येताक्षणीच चूक जन्माला आली होती.

कोड वाचल्यावर कारण उघड झाले. कन्नडमध्ये अदृश्य जोडचिन्हे आणि विभाजकचिन्हे मुख्यतः अक्षराच्या रूपासाठी येतात. ‘रँक’सारखा परका शब्द कोणी जोडचिन्ह घालून लिहितो, कोणी न घालता, आणि अर्थ तोच राहतो. म्हणून सरांनी ती दोन्ही चिन्हे ‘स्वच्छ करा’ या फंक्शनमध्ये काढून टाकली. त्यांच्या ब्रँचवर हे फंक्शन फक्त कन्नड मार्गातून वापरले जात होते, त्यामुळे त्यांचा निर्णय बरोबर होता. ताईंनी मराठी मार्ग त्याच फंक्शनमधून नेला, तेव्हा मुख्य ब्रँचवरील ते फंक्शन फक्त मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे काढत होते. म्हणजे त्यांचाही निर्णय बरोबरच होता. एकाने फंक्शनच्या आत बदल केला, दुसऱ्याने ते कोठून वापरले जाते ते बदलले. फाइल वेगळ्या, ओळी वेगळ्या, त्यामुळे गिटला कॉन्फ्लिक्ट दिसण्याचे कारणच नव्हते. गिट ओळी जुळवते, अर्थ जुळवणे आमच्याकडे होते. मर्जनंतर मराठी शब्दातील जोडचिन्ह आधीच गळून पडू लागले आणि अर्धा ऱ ओळखणाऱ्या पुढच्या पायरीला ओळखण्यासारखे काही उरलेच नाही.

चाचणीने हे पकडायलाच हवे होते, आणि तिने पकडलेही असते. ३१ जुलैला कॉन्फ्लिक्ट सोडवताना मी अपेक्षित कळी प्रोग्रामकडूनच लिहून घेतल्या होत्या. त्या फाइलचा फरक आज उघडून पाहिला. नव्या ओळींच्या गर्दीत एक जुनी ओळ बदललेली दिसते : ‘दऱ्या’ची अपेक्षित कळ तेथे ‘दर्या’ झाली आहे. ज्याची परीक्षा घ्यायची त्यालाच उत्तरपत्रिका तपासायला दिली होती, आणि ती मी दिली होती. फाइलमधला बदल मी वाचला नव्हता. तसे चौघांनाही आज रात्रीच लिहून कळवले आहे.

बुधवार, १४ ऑगस्ट

सरांच्या ब्रँचचा मर्ज उलटवला. मर्ज कमिटला दोन जनक असल्यामुळे उलटवताना कोणता जनक मूळ धरायचा हे सांगावे लागते. आम्ही पहिला, म्हणजे मुख्य ब्रँचचा, धरला. कन्नडच्या ५४ ओळी त्याबरोबर गेल्या आणि चाचण्या ३५८ उरल्या.

केवळ कोड मागे घेऊन भागणार नव्हते. ५ ऑगस्टनंतर त्या दोन वाचनालयांत भरलेल्या नव्या नोंदींच्या कळी चुकीच्या प्रोग्रामने तयार केल्या होत्या आणि त्या अनुक्रमणिकेत जुन्या, योग्य कळींच्या शेजारी बसल्या होत्या. दोन्हीकडची अनुक्रमणिका पहिल्यापासून बांधून घेतली. जांबोटीच्या बाईंनी ‘दऱ्या’ टाइप करून पाहिले आणि डोंगरांची पुस्तके आल्याचे कळवले.

रविवार, १८ ऑगस्ट

आज टिळकवाडीत पाचही जण भेटलो. खानापूरहून येणाऱ्यांना रस्त्यात पावसाने गाठले, तरी ते आले.

सरांना वाईट वाटले होते, आणि ते साहजिक होते. चोवीस दिवसांचे काम एका आज्ञेने मागे गेले, तेही त्यांची चूक नसताना. ते म्हणाले, “मराठी शब्द मोडला म्हणून कन्नड मागं घेतलंत. कन्नड मोडलं असतं तर मराठी मागं घेतलं असतंत का?” या प्रश्नाला तेथल्या तेथे उत्तर देणे मला जमले नाही. आमच्या भागात हा प्रश्न सॉफ्टवेअरपुरता राहत नाही, हे तेथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. मर्जच्या क्रमाने शेवटी आलेला तो उलटवला जातो, एवढेच तांत्रिक कारण होते, आणि सरांची ब्रँच आधी मर्ज झाली असती तर ताईंची मागे गेली असती. ते मी सांगितले. पण त्यांचा मुद्दा खरा होता : सामाईक फंक्शन बदलताना दुसऱ्या भाषेला काय होईल हे तपासण्याची सोय आम्ही केलीच नव्हती. प्रत्येक जण आपापल्या भाषेच्या ओळी घालत होता आणि आपल्याच ओळी वाचत होता.

बराच वाद झाला. ‘स्वच्छ करा’चे दोन तुकडे करावेत हे लगेच मान्य झाले : मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे दोन्ही भाषांसाठी, अदृश्य चिन्हे काढणे केवळ कन्नड लिपीतील अक्षरांपुरते. वाद झाला तो अपेक्षित कळी लिहून देणाऱ्या आज्ञेवर. विद्यार्थ्याचे म्हणणे असे की चारशे ओळी हाताने लिहिणे शक्य नाही, म्हणून आज्ञा ठेवावी आणि फरक नीट वाचावा. ताईंचे म्हणणे, आज्ञा हाताशी असली की घाईत माणूस ती चालवतोच. मी त्या घाईतून गेलो असल्यामुळे ताईंच्या बाजूने बोललो. शेवटी आज्ञा काढून टाकायचे ठरले. नव्या शब्दाची कळ ज्याने शब्द सुचवला त्यानेच हाताने लिहायची. जुनी ओळ बदलायची असेल तर ती स्वतंत्र कमिटमध्ये, दुसऱ्या भाषेच्या सहकाऱ्याने वाचून संमती दिल्यावरच.

ताईंनी आणखी एक सूचना केली आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. प्रत्येक ओळीला तिसरा रकाना असावा : हा शब्द येथे का आहे. ‘दऱ्या’समोर ‘दर्या नव्हे, डोंगराची पुस्तके सापडली पाहिजेत’ असे लिहिलेले असते, तर ३१ जुलैला फाइलमधला फरक डोळ्यांखालून नुसता सरकला असता तरीही मी थांबलो असतो. दोन शब्दांपुढे कारण नसले तर मर्ज करणाऱ्याला ती फक्त दोन अक्षरमाला वाटतात आणि त्यांची बाजू घेण्याचे त्याला सुचत नाही.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

सरांनी आपल्या ब्रँचवर तीन कमिटांत दुरुस्ती केली आणि काल ती पुन्हा मर्ज केली. कॉन्फ्लिक्ट नाही, सर्व चाचण्या उत्तीर्ण. मात्र या वेळी चाचण्यांची संख्याही पाहिली. ४१५ यायला हव्या होत्या, आल्या ३६१. कन्नड शोध चालवून पाहिला तर तो जागेवरच नव्हता.

गिटच्या दृष्टीने सरांचे जुने चोवीस दिवसांचे कमिट ३१ जुलैलाच मुख्य ब्रँचच्या इतिहासात आले आहेत. १४ ऑगस्टला आम्ही त्यांचा परिणाम पुसला, पण इतिहास पुसला नाही. त्यामुळे काल मर्ज करताना गिटने फक्त नवे तीन कमिट घेतले. उलटवलेला मर्ज परत हवा असेल तर आधी त्या उलटवण्यालाच उलटवावे लागते आणि मग दुरुस्ती आणावी लागते. गिटच्या दस्तऐवजांत हे लिहिलेले आहे. मी १४ तारखेला ते वाचून घ्यायला हवे होते.

येथे एक गोष्ट विशेष नोंदवण्यासारखी आहे. मर्ज उलटवला तेव्हा कोडबरोबर त्या कोडच्या चाचण्याही गेल्या होत्या. म्हणून कन्नड शोध नाहीसा झाला तरी एकही चाचणी अनुत्तीर्ण झाली नाही : तक्रार करणारेच उरले नव्हते. चाचण्यांची एकूण संख्या मागच्या मर्जपेक्षा कमी झाली आणि त्याची नोंद नसली, तर मर्ज थांबवायचा, ही तपासणी आजच आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत घातली.

तसेच दुसरा मार्ग म्हणून सरांची ब्रँच नव्या कमिटांनी पुन्हा रचून मर्ज करून पाहिली, तेव्हा ३१ जुलैचाच कॉन्फ्लिक्ट पुन्हा आला आणि माझ्या संगणकावर तो आपोआप सुटलाही. ‘रेरेरे’ ही सोय माझ्याकडे चालू आहे. ती एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट लक्षात ठेवते आणि तोच पुन्हा आला की तीच सोडवणूक लावते. माझी चुकीची सोडवणूक तिने इमानाने जपून ठेवली होती. त्या फाइलसाठी ती विसरायला लावणारी आज्ञा चालवली. मुख्य ब्रँचवर पहिलाच मार्ग घेतला : कालचा मर्ज बाजूला ठेवून उलटवणे उलटवले, फाइल हाताने लिहिली, दुरुस्ती आणली. ४१५ चाचण्या, ‘दऱ्या’ डोंगरातच. सरांना फोन करून कळवले. त्यांनी स्वतः कन्नड शब्द टाकून पाहिल्यावरच हो म्हटले, आणि तसेच करणे योग्य होते.

बुधवार, ४ सप्टेंबर

शनिवारी गणेश चतुर्थी आहे. त्यानंतरचे दहा-अकरा दिवस बेळगावात कोणाला संगणकापुढे बसवणे अवघड आहे, म्हणून १.४.१ साठी वेगळी ब्रँच आज काढली. तिच्यावर आता फक्त चुकांच्या दुरुस्त्या येतील, नवे काम मुख्य ब्रँचवर राहील. दुरुस्ती आधी मुख्य ब्रँचवर करून मग निवडक कमिट तेवढा इकडे आणायचा, असा क्रम ठरवला. उलट केले तर दुरुस्ती या आवृत्तीतच अडकून राहते आणि पुढच्या आवृत्तीत तीच चूक परत येते.

यापुढे मर्ज करण्याची पद्धतही बदलली. ब्रँचवरच्या चाचण्या उत्तीर्ण होणे पुरेसे धरत नाही. मुख्य ब्रँचचे ताजे टोक आणि ती ब्रँच यांचा तात्पुरता मर्ज करून त्या निकालावर दोन्ही भाषांच्या सर्व चाचण्या चालतात, आणि मगच मर्ज मुख्य ब्रँचमध्ये जातो. दोन ब्रँच एका दिवशी तयार असतील तर दुसरी पहिलीच्या मागे थांबते. पाच माणसांच्या कामात या थांबण्याला अर्धा तास लागतो.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

१.४.१ सहाही ठिकाणी बसवली. अनुक्रमणिका सगळीकडे नव्याने बांधली.

सोमवार, १६ सप्टेंबर

नमुनाशब्दांच्या फाइलमधील जुन्या ओळींना कारणे लिहिण्याचे काम चालू आहे. दोनशेच्या आसपास झाल्या. सरांनी कन्नड ओळींची कारणे कन्नडमध्येच लिहिली आहेत आणि खाली मराठीत अर्थ दिला आहे. ताई मराठी ओळींखाली कन्नड अर्थ लिहायला त्यांच्याकडून शिकत आहेत. सुमारे तीस ओळी अशा निघाल्या की त्या का घातल्या हे कोणालाच सांगता आले नाही. त्या काढलेल्या नाहीत, त्यांच्यापुढे ‘कारण शोधणे’ असे लिहिले आहे. त्यांतील सहा शब्द ४ जुलैला सापडलेल्या त्या बेवारस ब्रँचमधून आलेले दिसतात. तिचा जुना इतिहास विद्यार्थी वाचत आहे.

जांबोटीच्या बाईंना आता फाइलमध्ये शब्द सुचवण्यासाठी एक साधा फॉर्म करून दिला आहे. त्यांनी आठवड्यात अकरा शब्द पाठवले. त्यांतील एक जोडी आमच्या अनुस्वाराच्या नियमाला थेट आव्हान देणारी आहे. ‘नांव’, ‘पांच’, ‘कांही’ अशा जुन्या लेखनासाठी आम्ही आकारापुढचा अनुस्वार शोधकळीतून सरसकट काढतो. बाईंनी लिहिले आहे : ‘आंबा’ शोधले की ‘आबा’ हे नाव असलेली पुस्तके येतात. दोन्ही शब्द फाइलमध्ये, कारणासह, आज घातले आणि चाचणी अपेक्षेप्रमाणे अनुत्तीर्ण झाली. सरसकट नियमाऐवजी जुन्या लेखनाच्या शब्दांची यादी वापरावी लागेल. खानापूरच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी आज सकाळी ब्रँच काढली आहे. शनिवारपर्यंत यादीतील पहिले पन्नास शब्द मर्ज करायचे आणि उरलेल्यांसाठी दुसरी ब्रँच काढायची, असे त्यांनीच ठरवले आहे.